मागे झुकणारी आसने: विमानातील एका अनिर्णित शिष्टाचाराचा आढावा

प्रवासी विमानाच्या सर्वसाधारण वर्गात, म्हणजे इकॉनॉमीत, पुढच्या प्रवाशाने आपल्या आसनाची पाठ मागे झुकवावी की नाही, हा प्रश्न दिसायला किरकोळ असला तरी गेल्या पंधरा-वीस वर्षांत त्यावर अर्थशास्त्राच्या आणि कायद्याच्या अभ्यासकांनी, वृत्तपत्रांच्या स्तंभलेखकांनी आणि विमान कंपन्यांच्या प्रमुखांनीही मते मांडली आहेत. वादाचे मूळ असे की, दोन ओळींच्या मधली दोन-चार इंचांची एक पट्टी पुढच्या प्रवाशाला बटण दाबून वापरता येते आणि पाठ सरळ असेपर्यंत तीच पट्टी मागच्या प्रवाशाला आपल्यासमोर मोकळी मिळते. दोघांनीही तिकिटाचे पैसे मोजलेले असतात आणि ही पट्टी नेमकी कोणाची, हे कंपनी सहसा सांगत नाही. त्यामुळे या प्रश्नाकडे केवळ सभ्यतेचा प्रश्न म्हणून पाहणाऱ्यांचे लेखन बहुधा दोन ठरावीक निष्कर्षांपाशी थांबते: बटण आहे म्हणजे हक्क आहे, किंवा मागे माणूस बसला आहे म्हणजे हक्क सोडला पाहिजे. हे दोन्ही निष्कर्ष अपुरे का आहेत, हे समजण्यासाठी आधी आसनाची रचना पाहावी लागते.

या चर्चेत वारंवार येणारी संज्ञा म्हणजे सीट पिच. एका आसनावरील कोणत्याही बिंदूपासून लगतच्या पुढील आसनावरील त्याच बिंदूपर्यंतचे अंतर म्हणजे पिच. त्यात आसनाच्या पाठीची जाडीही धरलेली असल्याने पिच म्हणजे पाय ठेवण्याची जागा नव्हे, हे ध्यानात घेतले नाही तर कंपन्यांचे दावे आणि प्रवाशांच्या तक्रारी या दोन्हींचा अर्थ लावताना गफलत होते. अलीकडच्या काळात बसवल्या जाणाऱ्या पातळ पाठीच्या आसनांविषयी कंपन्या असे म्हणतात की, पिच एक-दोन इंचांनी घटले तरी पाठीची जाडी कमी केल्यामुळे आणि मासिकांचा कप्पा गुडघ्यांच्या पातळीवरून वर नेल्यामुळे गुडघ्यांना पूर्वीइतकीच जागा उरते. गुडघ्यांपुरते हे बऱ्याच अंशी खरे आहे, परंतु माणूस केवळ गुडघ्यांनी प्रवास करत नाही.

पाठ झुकते ती बुडाशी असलेल्या बिजागरीभोवती, आणि म्हणून तिचे वरचे टोक सर्वांत जास्त मागे जाते, तर खालचा भाग जेमतेम हलतो. वरचे टोक तीन इंच मागे गेले तर बिजागरीपासून पाठीच्या एक-चतुर्थांश उंचीवर ते सरकणे पाऊण इंचाचेच असते. याचा अर्थ असा की, मागच्या प्रवाशाचे गुडघे दाबले जातात ही तक्रार उंच व्यक्तींच्या बाबतीत खरी असली तरी बहुसंख्यांचे खरे नुकसान चेहऱ्याच्या आणि छातीच्या पातळीवर होते: वाचण्याचे अंतर कमी होते, समोरचा पडदा नाकाशी येतो, ट्रेवर उघडलेल्या लॅपटॉपचा पडदा पुढच्या पाठीच्या खोबणीत अडकून तडकू शकतो, आणि जेवताना मान मागे घेऊन घास घ्यावा लागतो. शिष्टाचाराच्या चर्चेत गुडघ्यांना मिळालेले महत्त्व लॅपटॉपला आणि जेवणाला मिळायला हवे होते, कारण त्यावरून पुढे येणारा वेळेचा मुद्दा लवकर सुचला असता.

ऐतिहासिकदृष्ट्या पाहता, विमानात आराम हा आरंभी चैनीचा नव्हे तर गरजेचा भाग होता, कारण प्रवास फार लांबत असे; १९३६ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने वापरात आणलेल्या डग्लस स्लीपर ट्रान्सपोर्ट या विमानात तर रात्रीच्या प्रवाशांसाठी १४ शय्या होत्या. पुढे अटलांटिक ओलांडणाऱ्या उड्डाणांत १९५२ पासून स्वस्त टूरिस्ट वर्ग आणि १९५८ पासून इकॉनॉमी वर्ग आला, तेव्हा या वर्गांत प्रवाशाला काय द्यावे आणि काय देऊ नये हे आयाटा ही विमान कंपन्यांची आंतरराष्ट्रीय संघटना आपसांतील करारांनी ठरवत असे, आणि ते इतक्या बारकाईने की स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सचे सँडविच नियमापेक्षा जास्त भरगच्च असल्याची तक्रार पॅन अ‍ॅमने १९५८ मध्येच केली होती. भाडे ठरलेले असल्यामुळे कंपन्यांची स्पर्धा सोयींवर होत होती, म्हणून सोयींवर मर्यादा घालावी लागत होती. अमेरिकेत १९७८ मध्ये विमान वाहतुकीवरील सरकारी नियंत्रण उठल्यावर चित्र उलटे झाले: स्पर्धा भाड्यावर आली आणि सोयी कापल्या जाऊ लागल्या. अमेरिकेच्या एका संघीय अपील न्यायालयाने २०१७ मधील निकालपत्रात नोंदवल्याप्रमाणे इकॉनॉमीतील सरासरी पिच काही दशकांत ३५ इंचांवरून ३१ इंचांवर आले होते आणि काही विमानांत ते २८ इंच होते.

पाठ झुकवण्याची यंत्रणा मात्र तशीच राहिली, आणि या वादाची गुरुकिल्ली बहुधा येथेच आहे. पस्तीस इंचांच्या पिचमध्ये चार इंच पाठ मागे आली तर मागच्याला ती जाणवे, पण अडवत नसे. तीच पाठ २९ इंचांत तितकीच मागे आली तर तो अतिक्रमणाचा प्रसंग ठरतो. माणसे पूर्वी सुसंस्कृत होती आणि आता उद्धट झाली, अशी हळहळ या विषयावरील लेखनात वारंवार आढळते. तिला फारसा आधार नाही. सौजन्याला लागणारी जागाच कंपन्यांनी काढून घेतली, एवढे म्हणणे पुरेसे आहे.

हा संघर्ष जगासमोर ठळकपणे आला तो २०१४ च्या ऑगस्टमध्ये. नी डिफेंडर नावाचे एक साधन २००३ पासून बाजारात होते. प्लास्टिकच्या दोन छोट्या चिमट्यांसारखे हे साधन ट्रेच्या दांड्यांवर बसवले की पुढची पाठ मागे येऊच शकत नाही. नेवार्कहून डेन्व्हरला जाणाऱ्या युनायटेड एअरलाइन्सच्या विमानात लॅपटॉपवर काम करणाऱ्या एका प्रवाशाने ते वापरले, पुढच्या प्रवासी महिलेशी त्याचा वाद झाला, तिने त्याच्या अंगावर पाणी फेकले, आणि विमान शिकागोला उतरवावे लागले. हे दोघेही जास्तीचे पैसे घेऊन जास्तीची जागा देणाऱ्या विभागात बसले होते, ही बाब विशेष लक्षणीय आहे, कारण केवळ इंच वाढवून हा प्रश्न सुटत नाही असे तिच्यातून सूचित होते. त्यानंतरच्या दहा दिवसांच्या आत अमेरिकन कंपन्यांची आणखी दोन विमाने याच प्रकारच्या भांडणामुळे वाटेत उतरवली गेली. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने, म्हणजे एफएएने, या साधनावर बंदी घातलेली नसली तरी तेथील बहुतेक मोठ्या कंपन्यांनी ते निषिद्ध ठरवले आहे.

दुसरा गाजलेला प्रसंग २०२० च्या आरंभीचा आहे. न्यू ऑर्लिन्सहून शार्लटला जाणाऱ्या विमानात एका प्रवासी महिलेने पाठ मागे घेतली, आणि मागचा प्रवासी तिच्या आसनाच्या पाठीवर वारंवार मुठी मारत राहिला. तिने केलेले चित्रण जगभर पाहिले गेले. त्या वेळच्या चर्चेत ज्या तपशिलाकडे पुरेसे लक्ष गेले नाही तो असा की, मागचा प्रवासी शेवटच्या ओळीत होता आणि त्याची स्वतःची पाठ झुकत नव्हती. त्याच सुमारास डेल्टा एअरलाइन्सचे प्रमुख एड बॅस्टियन यांनी एका दूरचित्रवाणी मुलाखतीत असे मत दिले की, झुकवण्याचा हक्क आहे, पण मागच्याला आधी विचारणे योग्य. याच कंपनीने आदल्या वर्षी आपल्या काही एअरबस ए-३२० विमानांत पाठ झुकण्याची मर्यादा सुमारे चार इंचांवरून दोन इंचांवर आणली होती.

शेवटच्या ओळीचा हा तपशील एका नेहमीच्या युक्तिवादाची परीक्षा घेतो. प्रत्येकाने पाठ मागे घेतली तर सर्वांची जागा तेवढ्याच अंतराने मागे सरकते आणि कोणाचेही नुकसान होत नाही, असे झुकवण्याचे समर्थक म्हणतात. राज्य परिवहन महामंडळाच्या रातराणीत किंवा पुशबॅक आसनांच्या बसमध्ये दिवे मालवल्यावर साधारण हेच घडते, आणि तेथे कुरबूर कमी होते ती त्यामुळेच. पण या साखळीला दोन ठिकाणी खीळ बसते. विमानाच्या शेवटच्या ओळीमागे भिंत किंवा प्रसाधनगृह असते, आणि संकटकालीन दरवाजांच्या पुढच्या ओळीची पाठ पक्की ठेवलेली असते, कारण ती मागे आली तर बाहेर पडण्याची वाट अडते. या ओळींतील प्रवाशाला पुढच्याचे झुकणे सोसावे लागते पण स्वतः झुकता येत नाही. शिवाय जो काम करत आहे किंवा ज्याच्या मांडीवर मूल आहे, त्याला झुकायचेच नसते. त्याला झुकण्याची मोकळीक देणे ही भरपाई ठरत नाही.

अर्थशास्त्रज्ञांना या प्रश्नात रस वाटला तो रोनाल्ड कोस यांच्यामुळे. कोस यांनी १९६० मधील एका निबंधात असे प्रतिपादन केले की, एकाच साधनावरून दोघांचा संघर्ष असेल आणि त्यांना आपसांत विनाखर्च सौदा करता येत असेल, तर कायद्याने हक्क कोणालाही दिला तरी ते साधन अखेर ज्याला त्याचे मोल जास्त त्याच्याकडेच जाते. त्यांना १९९१ चे नोबेल पारितोषिक मिळाले त्यात या विचाराचा मोठा वाटा होता. याच धाग्याने अमेरिकन स्तंभलेखक जॉश बारो यांनी २०१४ मध्ये असे मांडले की, झुकण्याचा हक्क पुढच्याचा आहे, आणि मागच्याला तो नको असेल तर त्याने पैसे देऊन तो विकत घ्यावा. ज्या अर्थी कोणी असे पैसे देत नाही त्या अर्थी मागच्याचा त्रास तेवढा मोठा नसावा.

हा तर्क चटपटीत आहे, पण त्याला उत्तरही तितकेच चांगले मिळाले. ख्रिस्तोफर बुकाफुस्को आणि ख्रिस्तोफर स्प्रिगमन या कायद्याच्या दोन प्राध्यापकांनी त्याच वर्षी न्यूयॉर्क ते लॉस एंजेलिस अशा सुमारे सहा तासांच्या प्रवासाची कल्पना देऊन लोकांना किंमत विचारली. हक्क पुढच्याचा आहे असे गृहीत धरायला सांगितले तेव्हा न झुकण्यासाठी पुढच्यांनी सरासरी ४१ डॉलर मागितले आणि मागचे सरासरी १८ डॉलरच द्यायला तयार होते, म्हणजे सौदा क्वचितच जमला असता. मग गृहीतक उलटे केले आणि हक्क मागच्याचा आहे असे सांगितले, तेव्हा पुढचे झुकण्यासाठी सुमारे १२ डॉलर द्यायला तयार होते आणि मागच्यांना सुमारे ३९ डॉलर हवे होते. ज्याच्या हाती हक्क आधी दिला त्याच्याच हाती तो राहिला. वर्तनशास्त्रात याला एंडाउमेंट इफेक्ट म्हणतात: एखादी वस्तू आपली आहे असे मनाने घेतले की तिची किंमत आपल्या लेखी वाढते. डॅनियल कानेमान, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांनी कॉफीच्या साध्या मगांवर केलेल्या प्रयोगांनी हा परिणाम १९९० मध्ये प्रसिद्ध झाला होता. व्यवहाराच्या दृष्टीने याचा निष्कर्ष असा की, विमानात हक्क आरंभी कोणाला दिला जातो हे सौद्याने पुसले जात नाही. आरंभीचा नियमच निर्णायक ठरतो, आणि तो नियम घालून देण्याचे काम प्रवाशांचे नव्हे. भारतीय वाचकाला आणखी एक अडचण सांगण्याची गरज नाही: अनोळखी सहप्रवाशाला पाठ सरळ ठेवण्याबद्दल पैसे देऊ करणे हे आपल्याकडे झुकण्यापेक्षा मोठे असभ्य वर्तन मानले जाईल.

मायकेल हेलर आणि जेम्स साल्झमन यांनी मालकीच्या कल्पनेवरील २०२१ च्या आपल्या पुस्तकात या संदिग्धतेवरच बोट ठेवले आहे. त्यांच्या मते ती अनवधानाने राहिलेली नाही. विमान कंपनी एकच जागा दोन गिऱ्हाइकांना विकते, पुढच्याला झुकण्यासाठी आणि मागच्याला पाय व लॅपटॉप यांच्यासाठी, आणि नियम अस्पष्ट ठेवल्याने दोघांचाही राग कंपनीऐवजी एकमेकांवर निघतो. हे निदान पटण्यासारखे आहे. त्याला असेही जोडता येईल की, झुकण्याची जागा ही स्वतंत्रपणे विकायची वस्तू झाली आहे: तैवानच्या ईव्हा एअरने १९९१ मध्ये आणि व्हर्जिन अटलांटिकने १९९२ मध्ये इकॉनॉमी आणि बिझनेस यांच्या मधला वर्ग सुरू केला, त्याचे प्रमुख आकर्षण जास्त पिच आणि जास्त झुकणारी पाठ हेच होते. खालच्या वर्गातील अस्वस्थता वरच्या वर्गाची विक्री वाढवते, हे उघड आहे.

वैद्यकीय बाजू थोडक्यात सांगता येते. मणक्यांमधील चकत्यांवर येणाऱ्या दाबाची मोजमापे स्वीडनचे अस्थितज्ज्ञ आल्फ नाकेमसन यांनी केली होती, आणि ताठ बसण्यापेक्षा पाठ टेकवून मागे रेलल्यास कमरेवरील दाब घटतो असे त्यांतून दिसले. म्हणजे कंबरदुखीच्या रुग्णाने किंवा वृद्धाने लांबच्या प्रवासात झुकणे ही लहर नव्हे. पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका चार तासांहून लांब प्रवासात सुमारे दुप्पट होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रकल्पाने २००७ मध्ये नोंदवले, पण त्याचे कारण दीर्घकाळ न हलणे हे आहे आणि तो धोका पाठ झुकवून किंवा सरळ ठेवून टळत नाही. उठून चालावे लागते.

सुरक्षेच्या नियमांविषयी मात्र गैरसमज आढळतो. उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी पाठ सरळ करायला सांगतात ती मागच्याच्या सोयीसाठी नव्हे, तर अपघात झाल्यास ओळीतून चटकन बाहेर पडता यावे आणि आघाताच्या वेळी शरीर योग्य स्थितीत असावे म्हणून. विमान ९० सेकंदांत रिकामे करता आले पाहिजे अशी प्रमाणीकरणाची अट आहे. ब्रिटनच्या नागरी विमान प्राधिकरणाने १९८९ मध्ये आसनाच्या पाठीपासून पुढच्या आसनापर्यंत किमान २६ इंच अंतर असावे असा दंडक घातला, तोही बाहेर पडण्याच्या वाटेच्या विचारानेच. अमेरिकेत प्रवाशांच्या एका संघटनेने हा विषय न्यायालयात नेला, २०१८ मध्ये कायदेमंडळाने एफएएला आसनांची किमान मापे ठरवायला सांगितले, एफएएने ओक्लाहोमा सिटीत स्वयंसेवकांवर चाचण्या घेतल्या आणि २०२२ मध्ये लोकांच्या सूचना मागवल्या. चाचण्यांतील स्वयंसेवक १८ ते ६० वयोगटातील धडधाकट माणसे होती, या आक्षेपाचे समाधानकारक उत्तर मिळालेले नाही. यांपैकी कोणत्याही नियमाने झुकण्याचा हक्क कोणाचा हे सांगितलेले नाही. भारतात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या २०१७ च्या नियमांनुसार विमानातील गैरवर्तनाच्या तीन पातळ्या आहेत, आणि शाब्दिक त्रास दिल्यास तीन महिन्यांपर्यंत व शारीरिक गैरवर्तन केल्यास सहा महिन्यांपर्यंत प्रवासबंदी होऊ शकते. म्हणजे भांडण झाल्यावर काय करायचे हे लिहिलेले आहे, भांडणाचे कारण मात्र मोकळे सोडलेले आहे.

काही कंपन्यांनी हा प्रश्न मुळातूनच काढून टाकला. रायनएअरसारख्या स्वस्त दराच्या कंपन्यांची आसने किंचित कलत्या कोनात कायमची पक्की केलेली असतात. हलणारे भाग नसल्याने वजन घटते, दुरुस्तीचा खर्च वाचतो आणि भांडणही संपते. ब्रिटिश एअरवेजनेही २०१८ मध्ये जवळच्या उड्डाणांसाठीच्या नव्या विमानांत हाच मार्ग स्वीकारला. दुसरा प्रयोग कॅथे पॅसिफिकचा: २००८ च्या सुमारास तिने मागे कठीण कवच असलेली आसने लांबच्या प्रवासाच्या विमानांत बसवली, ज्यांत पाठ मागे न येता बैठक पुढे सरकत असे आणि त्यामुळे जागा आपलीच खर्च होई. तत्त्वतः हा सर्वांत न्याय्य उपाय होता; प्रवाशांना ती आसने बसायला अवघड वाटली आणि कंपनीने काही वर्षांत ती बदलली. स्वतःच्या गुडघ्यांपुढची जागा देऊन आराम विकत घ्यायला फारसे कोणी तयार नसते, असा याचा एक अर्थ होतो.

लोकमत विभागलेले आहे. अमेरिकेत २०१४ मध्ये झालेल्या एका सर्वेक्षणात ४१ टक्के लोकांनी झुकणे कमी-अधिक असभ्य मानले. म्हणजे हे कृत्य सर्वमान्य नाही आणि सर्वनिषिद्धही नाही. अशा वेळी मागच्याला आधी विचारावे हा बॅस्टियन यांचा सल्ला चांगला असला तरी अपुरा आहे, कारण मागच्याने नाही म्हटले तर पुढे काय, याचे उत्तर त्यात नाही, आणि संकोची माणूस विचारणारही नाही व नाकारणारही नाही.

या प्रश्नावर जगभर झालेल्या लेखनात एका भारतीय दाखल्याची दखल घेतलेली दिसत नाही. रेल्वेच्या तीन मजली शयनयानात मधला बर्थ उघडला की खालच्या बर्थवर ताठ बसता येत नाही आणि तो मिटला की मधल्याला झोपता येत नाही. हाही एकाच जागेवरील दोन तिकीटधारकांचा संघर्ष आहे, विमानातल्यापेक्षा कितीतरी तीव्र. रेल्वेने तो सौजन्यावर सोडला नाही. रात्री १० ते सकाळी ६ या वेळात झोपणाऱ्याचा हक्क आणि उरलेल्या वेळात बसणाऱ्यांचा, असा नियम आहे. आधी ही वेळ रात्री ९ पासून होती, ती २०१७ मध्ये बदलली, आणि आजारी, अपंग व गर्भवती प्रवाशांना त्यातून सवलत ठेवली. नियमावरून वाद होतच नाहीत असे नाही, पण वाद झाला तर तिकीट तपासनीसाला काय सांगायचे हे ठाऊक असते. हक्क माणसाला न देता वेळेला देणे, हे या नियमाचे मर्म आहे.

विमानाला हेच तत्त्व सहज लागू होते. मुंबईहून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याकडे जाणारे थेट उड्डाण पंधरा तासांच्या आसपास चालते, आणि न्यू जर्सीतल्या मुलांकडे निघालेल्या सत्तरीच्या आईवडिलांना एवढा वेळ ताठ बसवणे क्रूरपणाचे आहे. तेथे दिवे मंद केल्यापासून पुन्हा लागेपर्यंत झुकण्याचा हक्क निर्विवाद असावा आणि मागच्याने त्याबद्दल नाराजी दाखवू नये. जेवण वाढल्यापासून ट्रे उचलेपर्यंत पाठ सरळ असावी; अनेक कंपन्यांचे कर्मचारी आजही तसे सांगतात, फक्त ते विनंतीच्या स्वरात सांगतात, नियम म्हणून नाही. मुंबई-गोवा किंवा मुंबई-नागपूर अशा एक-दीड तासाच्या दिवसाच्या उड्डाणात झुकण्याची गरज सहसा नसते, आणि कंबरेचे दुखणे असेल तर मागच्याला तसे सांगून झुकल्यास कोणाची हरकत असू नये. कोणत्याही वेळी पाठ झटक्याने सोडू नये, मागे वळून कप आणि लॅपटॉप पाहून हळू न्यावी. मागच्यानेही पुढच्या पाठीला गुडघा लावून रोखू नये, किंवा उठताना तिला धरून हिसका देऊ नये. शेवटच्या ओळीच्या पुढच्या प्रवाशावर, मागच्याला झुकण्याची सोय नसल्यामुळे, इतरांपेक्षा जास्त जबाबदारी येते.

हे सर्व प्रवाशांच्या समजूतदारपणावर सोडणे मात्र योग्य नाही. झुकणारी पाठ ठेवायची असेल तर कंपनीने ती केव्हा झुकवायची हे तिकिटाच्या शर्तींत आणि विमानातील घोषणेत स्पष्ट सांगावे, आणि २८-२९ इंचांच्या पिचमध्ये ते सांगणे तिला अवघड वाटत असेल तर पाठ पक्की करावी. रेल्वेने ज्याप्रमाणे एका परिपत्रकात मधल्या बर्थचा प्रश्न मार्गी लावला, त्याप्रमाणे महासंचालनालयाला हे काम दोन परिच्छेदांच्या परिपत्रकात करता येईल, आणि त्याला एका रुपयाचाही खर्च नाही.